एका जुन्या विमानाचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार हा शब्द आपण देवळांसाठी राखून ठेवला आहे. वेरूळच्या घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार अहिल्याबाईंनी केला, असे आपण आदराने म्हणतो. आणि गावच्या पंचांनी हेमाडपंती देवळाच्या काळ्या दगडाला पिवळा नि तांबडा तैलरंग फासला, म्हणजे त्यालाही जीर्णोद्धारच म्हणतो. एकाच शब्दात पुण्य आणि पातक सुखाने नांदत असल्याचे हे एक उदाहरण आहे. मी आज ज्या वस्तूच्या जीर्णोद्धाराविषयी बोलणार आहे ती मात्र देवळाइतकी थोर नाही. तिची लांबी जेमतेम पाच इंच, पंखांचा विस्तार सहा इंचांहून किंचित अधिक, आणि वजन हातात घेतल्याचे कळूही नये इतके. ती वस्तू म्हणजे प्लॅस्टिकचे एक लढाऊ विमान, सुटे भाग चिकटवून मुलांनी घरी जोडावयाचे. आणि ते ज्या विमानाची प्रतिमा आहे त्याचे नाव स्पिटफायर.

मूळ विमानाची कथा बहुतेक श्रोत्यांना ठाऊक असेल, म्हणून ती मी थोडक्यात आटोपतो. रेजिनल्ड मिचेल नावाच्या अभियंत्याने ते आखले, ५ मार्च १९३६ रोजी ते प्रथम उडाले, आणि पुढल्याच वर्षी, जून १९३७ मध्ये, मिचेल कर्करोगाने वारला. आपले विमान युद्धात काय करते हे त्याने पाहिले नाही. पुढची सगळी स्थित्यंतरे जोसेफ स्मिथ या त्याच्या सहकाऱ्याच्या हातून झाली. वीस हजारांहून अधिक स्पिटफायर विमाने बांधली गेली. यातील पहिल्या जातीच्या विमानाच्या पंखांचा विस्तार ३६ फूट १० इंच होता. त्याला ७२ ने भागले, की माझ्या हातातील सहा इंचांचा हिशेब बरोबर जुळतो.

हा ७२ चा आकडा कोठून आला? याचे उत्तर फार सोपे आहे. सहा फूट उंचीच्या माणसाचे ७२ इंच होतात. त्याला एक इंचाचा करावयाचा, म्हणजे सगळ्या जगाला ७२ ने भागावयाचे. इंग्लंडात १९३२ च्या सुमारास ‘स्कायबर्ड्स’ या नावाने लाकडी विमानांचे संच निघू लागले, त्यांनी हे प्रमाण प्रथम रूढ केले. १९३६ च्या अखेरीस ‘फ्रॉग’ या नावाने खेळण्यातली विमाने विकणाऱ्यांनी त्याच प्रमाणाचे प्लॅस्टिकचे संच काढले. त्यांची आधीची विमाने रबराच्या पिळावर खरोखर उडत. ही नवी नुसती मांडून ठेवावयाची. म्हणून त्यांनी या मालेला ‘पेंग्विन’ असे नाव दिले. पक्षी असून न उडणारा! व्यापाऱ्याला विनोदबुद्धी असते याचा हा चांगला दाखला होय. परंतु ते प्लॅस्टिक सेल्युलोज अॅसिटेटचे होते, आणि त्याला काळ सोसत नाही. वर्षे जातात तसे ते आक्रसते, वाकडे होते. त्या काळातील पेंग्विनांचे पंख आज पापडासारखे वळलेले दिसतात.

मग युद्ध आले आणि खेळणे शाळेत गेले. आकाशात दिसणारे विमान आपले की परक्याचे, हे क्षणात ओळखता आले पाहिजे; त्यासाठी १९४२ मध्ये अमेरिकेच्या नौदलाने तेथील विद्यार्थ्यांकडून लाकडाच्या पाच लाख प्रतिकृती मागितल्या. प्रमाण पुन्हा तेच, एकास बहात्तर. पस्तीस फुटांवर धरलेली अशी प्रतिकृती सुमारे अर्ध्या मैलावरील खऱ्या विमानाएवढी दिसते. तेथे आकार चुकला तर माणूस आपल्याच मित्राचे विमान पाडणार, म्हणून सूचना कडक असत. प्रतिकृतीच्या अचूकतेवर प्राण अवलंबून आहेत, अशी वेळ या छंदाच्या इतिहासात बहुधा तेवढी एकदाच आली.

युद्धानंतर अचूकता मागे पडली आणि किंमत पुढे आली. निकोलस कोव्ह नावाच्या हंगेरियन गृहस्थाने १९३९ मध्ये इंग्लंडात ‘एअरफिक्स’ ही कंपनी काढली. विमानांशी तिचा सुतराम संबंध नव्हता. हवा भरून फुगवावयाची खेळणी, मग केसांचे कंगवे, असा तिचा व्यवसाय. कंगवे करण्यासाठी घेतलेले ओतकामाचे यंत्र रिकामे राहू नये म्हणून आणखी काय काय ओतता येईल याचा शोध सुरू झाला. फर्ग्युसन कंपनीच्या विक्रेत्यांसाठी एक छोटा ट्रॅक्टर झाला. १९५२ मध्ये ड्रेकचे ‘गोल्डन हाइंड’ हे जहाज झाले. ते वुलवर्थच्या दुकानांत पॉलिथिनच्या पिशवीत, वर कागदाची घडी टाचून, दोन शिलिंगांना विकले जाई. पेटी परवडत नाही म्हणून पिशवी. १९५३ मध्ये त्याच पिशवीत पहिले स्पिटफायर आले. ते कशावरून केले होते? खऱ्या विमानावरून नव्हे. एका अमेरिकन कंपनीच्या मोठ्या संचावरून. नकलेची नक्कल, आणि तीही लहान केलेली. त्यामुळे मूळच्या चुका तर आल्याच, वर नव्या पडल्या. तरीही तो संच खपला, आणि त्याच्यामागून त्या कंपनीची शेकडो विमाने निघाली. पुढे १९८१ मध्ये ती कंपनी डबघाईला आली, मालक बदलत गेले, २००६ मध्ये ती हॉर्नबी या खेळण्यांच्या जुन्या कंपनीकडे गेली. साचे मात्र बरेचसे जिवंत राहिले.

या साच्यांविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण आमच्या जीर्णोद्धाराचे सगळे दुखणे तेथे आहे. पोलादाच्या दोन ठोकळ्यांत विमानाचा आकार उलटा कोरतात, ते एकमेकांवर घट्ट दाबतात आणि मधल्या पोकळीत वितळलेले पॉलिस्टायरीन जोराने रेटतात. पोलादात खोल रेघ कोरणे सोपे. तीच रेघ प्लॅस्टिकवर उठून दिसते. याउलट, खऱ्या विमानाच्या पत्र्यांमध्ये असते तशी खोलगट फट प्लॅस्टिकवर हवी असेल, तर साच्यात ती उठावाची ठेवून भोवतालचे सर्व पोलाद खरवडावे लागते. दोन शिलिंगांच्या मालासाठी एवढा खटाटोप कोण करणार? म्हणून त्या दशकातील बहुतेक संचांवर रेघा उठावाच्या आणि रिव्हेटांची डोकी मोहरीसारखी वर आलेली. तीच गोष्ट पंखाच्या मागल्या कडेची. वितळलेले प्लॅस्टिक फार अरुंद जागेत शिरत नाही, म्हणून कड जाड ठेवतात. माझ्या विमानाची कड मी मोजली तेव्हा ती ०.८ मिलिमीटर भरली. ऐकताना हे काहीच वाटत नाही. पण ७२ ने गुणा, म्हणजे साडेसत्तावन्न मिलिमीटर, सव्वादोन इंच होतात. सुरीसारख्या धारेऐवजी पाटाची कड! रिव्हेटाचे एक डोके ०.४ मिलिमीटर रुंद; खऱ्या विमानावर ते सव्वा इंचाच्या जवळ गेले असते.

आता हे विमान माझ्याकडे कसे आले ते सांगतो. आमचे एक मामा कापड गिरणीच्या कामाचे शिक्षण घेण्यासाठी मँचेस्टरला गेले होते. ते परतले तेव्हा त्यांच्या पेटीत असल्या दोन पिशव्या होत्या. एक माझ्या थोरल्या भावाला मिळाली, एक मला. ही १९५९ ची गोष्ट. आम्ही तेव्हा औरंगाबादेत राहत असू. दादा चौदा वर्षांचा, मी अकरा. माझे विमान आठवड्याभरात गच्चीवरून उडाले आणि शेजारच्या विहिरीत गेले. त्याविषयी अधिक बोलण्यासारखे काही नाही. दादाने आपले सावकाश जोडावयास घेतले आणि, का कोण जाणे, अर्धवट सोडले. पंख धडाला जोडलेले, शेपूट बसवलेले, चाके आणि पंखा सुटा, काचेचे टोपण कागदात गुंडाळलेले. चार वर्षांपूर्वी दादा गेला. नंतर त्याची कपाटे आवरताना वहिनींना बिस्किटांच्या एका डब्यात ते सापडले आणि त्यांनी ते दिल्लीला माझ्याकडे पाठवून दिले. सोबतच्या चिठ्ठीत एवढेच होते, “भाऊजी, हे पूर्ण करता आले तर पाहा.”

निवृत्त माणसाला याहून मोठी आज्ञा कोणती? मी कामाला लागलो. जाडी कमी करण्यासाठी पॉलिश कागद पाण्यात भिजवून घासू लागलो. वैमानिकाच्या जागी नुसते भोक होते, तेथे प्लॅस्टिकचा पातळ पत्रा कापून आसन, पाठीमागचे चिलखत आणि उपकरणांची पाटी बसवली. चाके पोटात घेण्याचे खळगे मुळात नव्हतेच, ते कोरले. भाग ज्या काडीला लागून येतात ती काडी मेणबत्तीच्या ज्योतीवर मऊ करून ओढली, म्हणजे केसासारखा लांब धागा निघतो. बिनतारी यंत्राची तार करावयाची ती अशीच. (बिनतारीला तार कशाला, असा प्रश्न माझ्या नातीने विचारला, आणि मला तो अजून पुरता परतवता आलेला नाही.)

रिव्हेटांशी मात्र मी अडलो. घासून सगळा पंख तुळतुळीत करावा, हे उघड दिसत होते. परंतु खरे विमान किती तुळतुळीत होते? या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला स्पिटफायरच्या इतिहासातील एक अत्यंत घरगुती प्रयोग भेटला. सपाट डोक्याचे रिव्हेट बसवणे खर्चाचे आणि वेळखाऊ. गोल डोक्याचे स्वस्त. गोल वापरले तर वेग किती घटेल? हे पाहण्यासाठी त्या अभियंत्यांनी बाजारातून वाटाण्याची डाळ आणली आणि विमानाच्या प्रत्येक सपाट रिव्हेटावर एकेक डाळ चिकटवली. विमान उडवले, वेग ताशी २२ मैलांनी घटला. मग एकेका भागावरची डाळ काढीत पुन्हा पुन्हा उडवले, आणि कोठे गोल डोके चालेल, कोठे मुळीच चालणार नाही, हे ठरवले. पंखाच्या पुढल्या भागावर सपाट रिव्हेट अवश्य, धडाच्या मागल्या अंगाला गोल चालतील, असा निवाडा झाला. म्हणजे माझ्या विमानावरची मोहरी हा साचेकाराचा निव्वळ अडाणीपणा नव्हता; तो प्रमाणाचा आणि जागेचा प्रमाद होता. आणि सर्वांगाला पॉलिश कागद लावून मी जे करणार होतो तोही दुसऱ्या बाजूचा प्रमादच ठरला असता. उत्साही सुधारकांच्या बाबतीत हे नेहमी घडते. पंख घासला, धड मी अर्धेच घासले.

पालमच्या वायुसेना संग्रहालयात एक स्पिटफायर आहे. तेथे मी दोनदा गेलो. पण ते पडले युद्धाच्या शेवटल्या काळातील, अठराव्या जातीचे. लांब नाकाचे, पाच पात्यांच्या पंख्याचे. १९३८ मधील पहिल्या विमानांना लाकडाचा दोनच पात्यांचा पंखा असे. दहा वर्षांच्या आत दोनाची पाच पाती! नातवावरून आजोबांचा चेहरा काढण्यासारखे ते काम होते. तरी पंखाची ती लंबवर्तुळाकार रेषा, जिच्यापायी कारखानदार हैराण झाले होते, ती तेथे पुष्कळशी तशीच होती, आणि तिच्यावरून माझ्या पंखाचे टोक फार बोथट आहे हे कळले. ते मी कानशीने उतरवले.

राहिला प्रश्न चिन्हांचा. विमानाच्या धडावर पथकाची दोन अक्षरे आणि त्या विमानाचे एक अक्षर रंगवीत. संचातील चिन्हांचा कागद केव्हाच तुकडे तुकडे झाला होता. मग कोणते पथक निवडावे? येथे मला आमच्या घराची आठवण झाली. आमचे आजोबा निजामी अमलात परभणी जिल्ह्यात पटवारी होते. ज्वारीच्या रानांचा सारा ते हाली सिक्क्यात मोजून घेत. आणि इंग्रजांच्या वायुदलात निजामाच्या देणग्यांवरून हैदराबादचे नाव मिळालेली तीन पथके होती: पहिल्या महायुद्धातले ११० वे, आणि दुसऱ्यातली १५२ वे व २५३ वे. यांपैकी १५२ वे पथक स्पिटफायरचे. त्याच्या मानचिन्हावर निजामाची दस्तार आहे आणि खाली ब्रीद आहे, ‘विश्वासू मित्र’ या अर्थाचे. निजामाला इंग्रजांनी दिलेल्या पदवीतलेच ते शब्द. १९४० च्या जुलैपासून हे पथक इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर वॉर्मवेल येथे होते आणि पोर्टलंडच्या आरमारी तळाचे रक्षण करी. पुढे ते भूमध्यसमुद्रातून फिरत १९४३ च्या अखेरीस आपल्या पूर्व सीमेवर आले आणि ब्रह्मदेशच्या लढाईत उतरले. त्या पथकातील एकही वैमानिक मराठवाड्याचा होता असे मी म्हणत नाही. पण दस्तार ज्याच्या डोक्यावर होती त्याच्या तिजोरीत औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद या पाच मराठी जिल्ह्यांचाही सारा जात होता, आणि तो कोणत्या कारणी लागतो हे सारा भरणाऱ्याला कोणी विचारले नव्हते. वॉर्मवेलच्या आकाशात आमच्या आजोबांनी मोजलेले काही रुपये उडत असतील, ही कल्पना अभिमानाची की संतापाची, हे मी अजून ठरवलेले नाही. अक्षरे मात्र मी त्याच पथकाची घेतली.

वरून गर्द हिरवा आणि मातकट, खालून फिकट आकाशी. पंखांच्या पुढल्या कडेला आठ मशीनगनांच्या तोंडांवर तांबड्या कापडाच्या चकत्या. गनांत थंडी आणि धूळ शिरू नये म्हणून त्या चिकटवीत. पहिल्याच गोळीबरोबर त्या फाटत. एवढे सगळे जुळले होते. आता खालची बाजू रंगवावयाची म्हणून मी विमान उलटे केले, दिव्याखाली धरले, आणि डाव्या पंखाखाली मला एक अंगठा दिसला.

हे प्लॅस्टिक चिकटवण्याचा जो द्रव असतो तो खळीसारखा नुसता मध्ये बसत नाही. तो प्लॅस्टिक विरघळवतो आणि दोन भाग एकजीव करतो. त्यात भिजलेले बोट पंखाला टेकले, की त्या बोटाची छाप कायमची उमटते. साठांहून अधिक वर्षांपूर्वी, औरंगाबादच्या उन्हाळ्यात, घामेजल्या हाताने दादाने पंख दाबून धरला असणार. शंखाकृती रेषा स्पष्ट. एका बाजूला तिरपा छेद. तो छेद मला ठाऊक होता. उसाचे करवे सोलताना विळीने झालेली ती जखम. तेव्हा मी शेजारीच बसलो होतो.

कोणतेही मार्गदर्शन या ठिकाणी निःसंदिग्ध आहे. चिकटद्रवाचा डाग हा दोष. तो पुट्टीने भरावा, घासावा, वर रंग द्यावा. शिवाय १९४० च्या कोणत्याही स्पिटफायरवर पंखभर पसरलेला अंगठा नव्हता. ७२ ने गुणले तर तो सहा फुटांचा होतो. तेव्हा सत्यासाठी तो गेलाच पाहिजे. पण कोणत्या सत्यासाठी? मी महिनाभर ज्याला ‘खरे’ म्हणत होतो ते १९४० चे खरे. पण हातातील वस्तू १९४० ची नव्हतीच. ती साचेकाराच्या वेळची होती. कंगव्यांच्या यंत्राला काम हवे होते, पेटी परवडत नव्हती, नकलेची नक्कल चालत होती, त्या काळाची. आणि त्यावर १९५९ च्या एका दुपारची मोहर होती. जाड कड घासताना, बोथट टोक उतरवताना त्या काळाचा पुरावा मीच पुसला होता, आणि त्याचे मला काहीच वाटले नव्हते. कारण तो पुरावा माझ्या ओळखीचा नव्हता. देवळाला तैलरंग फासणाऱ्या पंचांना मी आजवर पुष्कळ हसलो आहे. त्यांनाही त्या दगडावरचा टाकीचा घाव कोणाचा, हे ठाऊक नसते.

नवा, जवळजवळ निर्दोष संच आज बाजारात मिळतो. संगणकाने आखलेला, खोलगट रेघांचा, कागदासारख्या कडेचा. माझ्या पुतण्याने तसा एक मला आणून दिला आणि सुचवले, “काका, हा जोडा, आणि बाबांचा तसाच डब्यात ठेवू या.” सूचना शहाणपणाची होती. पण वहिनींनी पूर्ण करावयास सांगितले होते, आणि अर्धे काम तर होऊन गेले होते. मी त्यांना दूरध्वनी केला. सगळा वृत्तान्त ऐकून त्या म्हणाल्या, “घासू नका. ह्यांनी आयुष्यात कुठल्या कागदावर अंगठा उठवला नाही, सही केली. तो एवढाच आहे.”

म्हणून डाव्या पंखाची खालची बाजू मी रंगवलेली नाही. उरलेले विमान जुलै १९४० चे आहे, मला जमले तेवढे. नोव्हेंबरात ते औरंगाबादला पोहोचवले. आगगाडीत ती ओढलेली तार तुटली. वहिनींनी विमान कपाटात काचेमागे ठेवले आहे, आणि नवी तार ओढावयास मी दिवाळीच्या सुटीत जाणार आहे.